स्वाहिली भाषेंतील अभिवादनें आणि त्यांपासून आम्हांस बोध

(गारगोटी येथें धर्मग्रामाच्या जयंतीमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



जयंतीच्या प्रसंगीं बहुधा गतकाळाचा आढावा घेतला जातो. देऊळ केव्हां उभें राहिलें, घंटा कोणी दिली, बाप्तिस्मे किती झाले, लग्नें किती लागलीं, ह्यांचा हिशेब मांडला जातो. तो हिशेब मोलाचा आहे, आणि ज्यांच्या हातीं वह्या आहेत ते तो मांडतीलच. आम्हांस मात्र आज अशा एका लहान गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, कीं जी कोणत्याही वहींत नोंदली जात नाहीं. एक मनुष्य दुसऱ्यास भेटला असतां त्याच्या मुखांतून जो पहिला शब्द निघतो, तीच ती गोष्ट. ह्या पहिल्या शब्दाचें महत्त्व ध्यानांत यावें म्हणून आम्हीं एका दूरच्या भाषेचा आधार घेतला आहे. ती भाषा म्हणजे पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली होय.

वेदगंगेच्या कांठीं आफ्रिकेच्या गोष्टी कशास हव्यात, असें कोणी मनांत म्हणेल. त्याचें उत्तर फार लांब शोधावयास नको. तें कोल्हापूरजवळच्या वळिवडें गांवीं सांपडतें. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं, १९४० व १९४१ सालीं, पोलंडच्या पूर्वभागांतील असंख्य कुटुंबांस सोव्हिएत सत्तेनें घरांतून उचलून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेलें. पुढें त्यांची सुटका झाली, आणि त्यांतील कांहीं हजार लोक इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. १९४३ सालीं वळिवडें येथें त्यांची मोठी वसाहत वसली. सुमारें ५,००० माणसें तेथें राहत होतीं. त्यांत स्त्रिया, मुलें व वृद्ध ह्यांचाच भरणा अधिक होता. त्यांपैकीं बहुतेक सर्व कॅथोलिक होते. त्यांनीं तेथें आपलें देऊळ थाटलें, शाळा चालविल्या, आणि आपले सणवार पाळले. युद्धानंतर ती वसाहत उठली, व त्या जागीं सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांचें गांधीनगर वसलें. कोल्हापुरांतील पोलिश लोकांच्या थडग्यांवरून आजही त्या काळाची आठवण होते.

पोलंड देशांतील कॅथोलिकांची एक जुनी रीत आहे. धर्मगुरु वाटेंत भेटले, किंवा कोणाच्या घरांत पाऊल टाकलें, म्हणजे येणारा म्हणतो, "न्येख बेंज्ये पोखवालोनी येझुस ख्रिस्तुस", म्हणजे "येशू ख्रिस्ताची स्तुति असो." त्यावर उत्तर येतें, "ना व्येकी व्येकूफ, आमेन", म्हणजे "युगानुयुग, आमेन." १९४७-४८ च्या सुमारास वळिवड्याहून हे लोक पांगले. कोणी इंग्लंडला गेले, तर कोणी पूर्व आफ्रिकेंतील पोलिश वसाहतींत गेले. तेथें टांगानिकांत अरुशा शहराजवळ तेंगेरू येथें अशी एक मोठी वसाहत होती. आतां चमत्कार पाहा. त्याच देशांत कॅथोलिक मनुष्य दुसऱ्या कॅथोलिक मनुष्यास भेटला म्हणजे स्वाहिली भाषेंत म्हणतो, "तुम्सिफु येसु क्रिस्तो", म्हणजे "आपण येशू ख्रिस्ताची स्तुति करूं या." आणि दुसरा उत्तर देतो, "मिलेले ना मिलेले, आमिना", म्हणजे "सदासर्वकाळ, आमेन." भाषा वेगळी, वर्ण वेगळा, हवा वेगळी, पण अभिवादन तेंच, आणि उत्तरही तेंच.

हें अभिवादन श्रीसभेंत फार जुनें आहे. १५८७ सालीं पोप पांचवे सिक्स्टस ह्यांनीं तें उच्चारणाऱ्यांस व त्याचें उत्तर देणाऱ्यांस पापदंडाची क्षमा जाहीर केली होती. अलीकडची गोष्ट सांगावयाची तर, १६ ऑक्टोबर १९७८ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल निवडून आले आणि रोम शहरांतील लोकांपुढें सज्ज्यावर उभे राहिले, तेव्हां त्यांच्या मुखांतून प्रथम हेंच शब्द इटालियन भाषेंत बाहेर पडले. पोलंडच्या खेड्यापाड्यांत जें अभिवादन आबालवृद्धांच्या तोंडीं होतें, तेंच त्यांनीं जगाच्या चव्हाट्यावर केलें.

आतां स्वाहिली भाषेची थोडी ओळख करून देतों. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ही भाषा आहे. अरबी भाषेंत किनाऱ्यांस जो शब्द आहे, त्यावरूनच तिला हें नांव पडलें. तिची घडण आफ्रिकेंतील बांटू भाषांची आहे. परंतु शतकानुशतकें मोसमी वाऱ्यांवर गलबतें येत-जात राहिल्यामुळें तिच्यांत अरबी, फारसी, पोर्तुगीज व हिंदुस्थानी शब्द मिसळले. टांझानिया व केनिया ह्या देशांत ती राजमान्य आहे, आणि कोट्यवधि लोक ती बोलतात. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को ह्या संस्थेनें २०२१ सालीं ७ जुलै हा तिचा जागतिक दिवस म्हणून ठरविला.

मराठी मनुष्यास ह्या भाषेंत कांहीं ओळखीचे चेहरे भेटतात. गाडीला तेथें "गारी" म्हणतात, पैशाला "पेसा", दुकानाला "दुका", आणि विम्याला "बीमा". मेजाला "मेझा" म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनीं त्यांस दिला आणि आम्हांसही दिला. पेरूला "पेरा", व पाद्रीला "पाद्री"च म्हणतात. ह्यांत नवल तें काय? जे पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्यास येत, ते वाटेंत त्याच किनाऱ्यावर थांबत. संत फ्रान्सिस झेवियर हे १५४२ सालीं गोव्यास येतांना त्या किनाऱ्यावरील मालिंदी बंदरीं उतरले होते, आणि मग ६ मे रोजीं गोव्यास पोंचले. तेव्हां ज्या महात्म्याचे पवित्र अवशेष पाहण्यास आपल्या भागांतून लोक गोव्यास जातात, त्याच्या पायांस प्रथम आफ्रिकेची धूळ लागली होती.

असो. आपण आतां कल्पनेनें एका स्वाहिली घरीं पाहुणे म्हणून जाऊं या, आणि भेटीच्या क्रमानेंच तेथील शब्द ऐकूं या.

पाहुणा दाराशीं येतो. दार उघडें असलें तरी तो आंत शिरत नाहीं. तो बाहेरूनच हांक देतो, "होदी!" ह्याचा भावार्थ "येऊं का?" असा आहे. आंतून उत्तर आलें नाहीं तर तो पुन्हां हांक देतो. तिसऱ्या हांकेसही उत्तर न आल्यास निमूटपणें परत फिरावें, असा शिष्टाचार आहे. घरांत कोणी असलें तर आंतून आवाज येतो, "करिबु!" अनेकजण असले तर "करिबुनी!" हा शब्द अरबी मुळाचा आहे, त्याचा अर्थ "जवळ ये". आमच्या खेड्यांतही रीत अशीच आहे. सोप्याच्या पायरीशीं उभें राहून "आहे का कोणी घरांत?" असें आपण विचारतों, आणि आंतून "या, बसा" असें उत्तर येतें. तरी "जवळ ये" ह्या शब्दांतील गोडी कांहीं निराळीच आहे. घरधनी पाहुण्यास केवळ जागा देत नाहीं, तर अंतर कमी करण्यास सांगतो. देवळाच्या दारावर कोणता शब्द कोरावा असें कोणीं आम्हांस विचारलें, तर आम्ही हाच शब्द सुचवूं.

पाहुणा आंत आला. आतां कुशलप्रश्न होतो. "हुजांबो?" असा प्रश्न, आणि "सिजांबो" असें त्याचें उत्तर. "जांबो" म्हणजे गोष्ट किंवा प्रकरण. तेव्हां "हुजांबो" ह्या प्रश्नाचा मूळ भाव असा, कीं "तुझ्यावर कांहीं प्रसंग ओढवला नाहीं ना?" आणि उत्तर, "माझ्यावर कांहीं ओढवलें नाहीं." आपणही "कांहीं बरें-वाईट नाहीं ना?" असें विचारतों, त्याच्याशीं हें किती जुळतें! परदेशी प्रवाशांस उद्देशून नुसतें "जांबो" म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु घरच्या माणसांत पूर्ण प्रश्न व पूर्ण उत्तर ह्यांनाच मान आहे.

एवढ्यावर भागत नाहीं. लगेच दुसरा प्रश्न येतो, "हाबारी?" हा शब्द म्हणजे आपली "खबर"च होय. "हाबारी झा असुबुही?" म्हणजे सकाळची खबर काय? "हाबारी झा न्युंबानी?" म्हणजे घरची खबर काय? "हाबारी झा वातोतो?" म्हणजे मुलांची खबर काय? "हाबारी झा काझी?" म्हणजे कामाची खबर काय? एकामागून एक प्रश्न येत जातात, आणि प्रत्येकास "न्झूरी" म्हणजे "चांगली", किंवा "सलामा" म्हणजे "क्षेम" असें उत्तर द्यावयाचें असतें. घरांत दुखणें असलें तरी प्रथम "चांगली" असेंच म्हणावें, आणि मग "पण" असें म्हणून दुःख सांगावें, अशी तेथील रीत आहे. ज्यास घाई आहे त्यास हा सारा प्रकार वेळ दवडण्यासारखा वाटेल. परंतु तेथील मनुष्याच्या दृष्टीनें, कुशल न विचारतां एकदम कामाचें बोलणें हा उद्धटपणा होय. आधीं माणूस, मग काम. हा त्या साऱ्या प्रश्नमालिकेचा अर्थ आहे.

आमच्या ज्येष्ठांची रीत ह्याहून वेगळी नव्हती. बाजाराच्या दिवशीं गारगोटींत शेजारच्या गांवचा मनुष्य भेटला, म्हणजे पीकपाणी, पाऊसपाऊल, गुरेंढोरें, लेकीची खुशाली, एवढें विचारल्यावांचून कोणी पुढें पाऊल टाकीत नसे. हल्लीं खिशांतल्या यंत्रावर एक चित्र पाठवून आपण दहा घरांचे कुशलप्रश्न एका बोटासरशीं उरकतों. चित्र पोंचतें, परंतु "पण" असें म्हणून दुःख सांगण्यास त्यांत जागा नसते.

आतां घरांतील वडील माणूस बाहेर येतें. येथें स्वाहिली भाषेंतील सर्वांत मानाचें अभिवादन आहे. वयानें लहान असलेल्यानें वडिलांस म्हणावें, "शिकामू!" आणि वडिलांनीं उत्तर द्यावें, "मराहाबा!" शिकामू हा शब्द "शिका मिगू" ह्या दोन शब्दांपासून झाला असें मानतात, त्यांचा अर्थ "पाय धरतों" असा आहे. बंधुभगिनींनो, ह्यास मराठीत भाषांतराची गरजच काय? "पाया पडतों" हेंच तें. आणि "मराहाबा" म्हणजे तुझें वंदन स्वीकारलें, तुझें स्वागत असो. आपल्यांतील ज्या कुटुंबांचा गोव्याशीं संबंध आहे, त्यांस सायंकाळची रोझरी आटोपल्यावर मुलांनीं गुडघे टेकून थोरांपाशीं "बेसांव" मागण्याची चाल आठवेल. लहानानें वांकावें आणि थोरानें आशीर्वाद द्यावा. ह्या दोन्ही गोष्टी मिळूनच तें अभिवादन पुरें होतें. लहान वांकला आणि थोरानें तोंड फिरविलें, तर तो दोष लहानाचा नव्हे.

ह्या "शिकामू" शब्दाजवळ आपण थोडें थांबूं या; कारण त्याच्या पोटांत एक कटु इतिहास असावा असें कांहीं जाणकार सांगतात. त्या किनाऱ्यावर पूर्वीं गुलामांचा मोठा व्यापार चाले. झांझिबार बेटावरील गुलामांचा बाजार १८७३ सालीं बंद झाला. गुलामानें धन्याचे पाय धरावे, ह्या लाचारींतून हा शब्द निघाला असावा, असें त्यांचें म्हणणें. तें खरें असेल तर पुढें जें झालें तें फारच विचार करण्यासारखें आहे. धनी गेला, गुलामी गेली. पण त्या लोकांनीं तो शब्द टाकून दिला नाहीं. त्यांनीं त्याचा रोख बदलला. आतां तो श्रीमंतास द्यावयाचा नाहीं, तर वयास द्यावयाचा. अधिकारी तरुण असेल आणि समोर झाडलोट करणारी वृद्ध स्त्री असेल, तर "शिकामू" अधिकाऱ्यानें म्हणावयाचें, आणि "मराहाबा" त्या वृद्धेनें.

आमच्या महाराष्ट्रांतही अभिवादनाच्या शब्दांत उच्चनीचपणाचें विष कालविलेलें होतें. "जोहार" हा शब्द वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असेल. एका विशिष्ट जातीच्या मनुष्यानें इतरांस तो दुरून, वांकून म्हणावयाचा. आणि इतरांनीं मात्र त्याला उलट तो म्हणावयाचा नाहीं. जो शब्द एकाच बाजूनें जातो आणि परत येत नाहीं, तो अभिवादन नव्हे, तें जोखड होय. ह्या जोखडाविरुद्ध लढा आमच्या जिल्ह्यांतही झाला. १९२० च्या मार्च महिन्यांत माणगांव येथें भरलेल्या परिषदेंत राजर्षि शाहू छत्रपतींनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भर सभेंत गौरव केला. पुढें ज्या समाजावर "जोहार" लादला होता, त्यानें "जय भीम" हें अभिवादन स्वीकारलें. त्याचा गुण असा, कीं जो शब्द जातो तोच शब्द परत येतो. म्हणणारा व ऐकणारा दोघेही ताठ मानेनें उभे असतात. आपल्यांत प्रचलित असलेल्या "जय येशू" ह्या शब्दाचाही तोच गुण आहे. तो धर्मगुरूंनीं मुलास म्हणावा, मुलानें धर्मगुरूंस म्हणावा. मालकानें गड्यास म्हणावा, गड्यानें मालकास म्हणावा. परंतु शब्द समान असून भागत नाहीं, तो समानपणें वांटलाही गेला पाहिजे.

गुलामीचा हा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कारण तींत आफ्रिका व महाराष्ट्र ह्यांची गांठ पडली आहे. गत शतकापूर्वींच्या शतकांत इंग्रजी आरमार समुद्रावर गुलामांचीं गलबतें पकडी, व सुटलेल्या मुलांपैकीं कांहीं मुंबईस आणलीं जात. त्यांतील अनेक मुलें नाशिकजवळ शरणपूर येथें अँग्लिकन मिशनऱ्यांच्या आश्रयास वाढलीं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डॉ. लिव्हिंग्स्टन हे प्रसिद्ध प्रवासी १८७३ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले, तेव्हां त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनीं त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. अंत्यविधीचें वाचन ह्या शरणपूरच्या विद्यार्थ्यानें केलें. मग त्या सोबत्यांनीं तो देह रानावनांतून हजार मैलांवर समुद्रकिनारीं वाहून नेला. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयो गांवीं पोंचले. तेथें पवित्र आत्म्याच्या संघाच्या कॅथोलिक धर्मगुरूंचें मिशन होतें. त्यांनीं १८६८ सालीं तेथें मुक्त केलेल्या गुलामांसाठीं गांव वसविलें होतें. तो देह त्या मिशनांत ठेवण्यांत आला. म्हणजे पाहा, एक स्कॉटिश प्रोटेस्टंट, त्याला खांदा देणारे आफ्रिकन, त्यांत नाशिकास शिकलेला एक तरुण, आणि दार उघडणारे फ्रेंच कॅथोलिक! त्या दारांत "होदी" म्हणणारा कोणत्या पंथाचा आहे, हें पाहून "करिबु" म्हटलें गेलें नाहीं.

पुढच्या वर्षीं, १८७५ सालीं, मोंबासाजवळ फ्रियर टाउन नांवाची वसाहत झाली, आणि शरणपूरकडील अनेक आफ्रिकन तेथें जाऊन राहिले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांचें नांव तिला दिलें होतें. तेथील लोक त्यांस "मुंबईचे आफ्रिकन" म्हणत. लहानपणीं ज्यांची भाषा, आई, व गांव हिरावून नेलें गेलें, आणि ज्यांचें लहानपण महाराष्ट्राच्या मातींत सरलें, त्यांस प्रौढपणीं पुन्हां आफ्रिकेच्या भूमीवर "करिबु" हा शब्द ऐकूं आला असेल, तेव्हां त्यांस काय वाटलें असेल, ह्याचा विचार ज्यानें त्यानें मनाशीं करावा.

आपल्या कल्पित भेटींतील आणखी दोन शब्द राहिले. पहिला शब्द "पोले". ह्यास मराठीत एकच एक प्रतिशब्द आम्हांस आढळला नाहीं. कोणी आजारी असला, कोणाच्या घरीं मृत्यु झाला, कोणी ठेंच लागून पडला, कोणी प्रवासानें शिणला, किंवा कोणी डोक्यावर ओझें घेऊन चालला असला, तर त्यास "पोले" म्हणावयाचें. "पोले ना काझी" म्हणजे तुमच्या श्रमांबद्दल सहानुभूति. "पोले ना सफारी" म्हणजे प्रवासाच्या त्रासाबद्दल सहानुभूति. त्यांत अपराधाची कबुली नाहीं, कीं उपदेशही नाहीं. "तुझा भार मला दिसला," एवढेंच त्यांत आहे. उन्हांत ऊस तोडणाऱ्या स्त्रीस, रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेस, किंवा मिस्साविधीच्या आधीं देऊळ झाडून गेलेल्या माणसास आपण असा एक शब्द देतों का?

दुसरा शब्द निरोपाचा. "क्वाहेरी", म्हणजे "शुभ असो, मंगल असो." फिरून भेटण्याची इच्छा सांगावयाची तर "क्वाहेरी या कुओनाना" म्हणतात. आपण मराठी माणसें निघतांना "जातों" असें म्हणत नाहीं, "येतों" असें म्हणतों. तीच ही इच्छा. आणि घरधनी "या" म्हणतो. निरोपाच्या शब्दांत पुढच्या भेटीचें बीज पेरण्याची ही रीत दोन्ही देशांत सारखीच आहे.

बंधुभगिनींनो, आमच्या धर्माचा आरंभच एका अभिवादनानें झाला आहे. देवदूत गब्रिएल नाझरेथच्या एका तरुणीच्या घरीं आला, आणि त्यानें प्रथम तिला वंदन केलें. मग निरोप सांगितला. जी प्रार्थना आपण रोझरींत वारंवार म्हणतों, ती त्याच वंदनापासून सुरू होते. स्वाहिलींत त्या प्रार्थनेस "सलामु मारिया" म्हणतात. त्यांतील "सलामु" म्हणजे आपला "सलाम". मरिया मग डोंगराळ भागांत एलिझाबेथच्या घरीं गेली. आणि तिचें अभिवादन कानीं पडतांच पोटांतील बाळानें उडी मारली, असें संत लूक सांगतात. पुनरुत्थित प्रभूनें भयभीत शिष्यांस प्रथम शांति दिली. संत पौलानें रोमकरांस पत्र लिहिलें, त्याचा शेवटचा अध्याय जवळजवळ साराच नांवांनिशीं सलाम सांगण्यांत खर्च केला आहे; आणि त्या नांवांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, घरेंच्या घरें आहेत. आणि प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत आम्हांस स्पष्ट बजाविलें आहे, कीं केवळ आपल्याच बांधवांस सलाम करण्यांत कांहीं विशेष नाहीं. तेवढें तर देवाला न ओळखणारे लोकही करितात.

हा शेवटचा बोध आजच्या दिवशीं आमच्यापुढें आहे. रविवारीं मिस्सा संपल्यावर देवळाबाहेर काय घडतें, तें पाहा. ओळखीचे लोक ओळखीच्यांभोंवतीं जमतात. नातलग नातलगांशीं बोलतात. कोंकणी बोलणारे एका बाजूस, मराठी बोलणारे दुसऱ्या बाजूस, केरळांतून नोकरीसाठीं आलेले तिसऱ्या बाजूस. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. परंतु नव्यानें बदली होऊन आलेलें कुटुंब, हंगामापुरता आलेला मजूर, नवरा वारल्यानंतर प्रथमच देवळांत आलेली बाई, किंवा नाताळांत गोठा पाहण्यास आलेला परधर्मीय शेजारी, हीं माणसें फाटकाशीं क्षणभर रेंगाळतात, आणि कोणीं हांक न मारल्यामुळें निघून जातात. त्यांनीं "होदी" म्हटलेलें असतें. तें मुखानें नव्हे, तर त्या रेंगाळण्यानें. "करिबु" म्हणणारें मात्र कोणी नसतें. धर्मग्राम मोठा असला तर अशी एखादी व्यक्ति गळाली तरी कळत नाहीं. आमच्यासारख्या लहान धर्मग्रामांत मात्र प्रत्येक मनुष्य गेल्याचा खड्डा दिसतो.

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे निष्ठावंत कॅथोलिक होते. भारत सरकारनें १९९५ सालीं पहिलें गांधी शांति पारितोषिक त्यांसच दिलें. शंभराहून अधिक जमातींच्या त्या देशांत त्यांनीं स्वाहिलीस राष्ट्राची भाषा केलें. त्यांच्या काळांत मंत्र्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांस "न्दुगु" असें संबोधण्याची प्रथा पडली. "न्दुगु" म्हणजे भावंड. त्यांत भाऊ व बहीण दोन्ही आलीं. आम्हीही आपणांस आतांपर्यंत वारंवार "बंधुभगिनींनो" म्हटलें आहे. हा शब्द व्यासपीठावरून म्हणणें सोपें आहे. तो फाटकापाशीं, एका अनोळखी मनुष्यास, त्याचें नांव विचारून म्हणणें, हीच त्याची परीक्षा होय.

म्हणून ह्या जयंतीच्या निमित्तानें आम्ही आपणांपुढें मोठे संकल्प ठेवीत नाहीं. तीनच लहान गोष्टी ठेवितों. पहिली, दर रविवारीं देवळांतून बाहेर पडल्यावर, आपल्या नातलगांशीं बोलण्यापूर्वीं, ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं अशा एका मनुष्यास "जय येशू" म्हणावें, आणि त्याची खबर विचारावी. दुसरी, मुलांनीं थोरांस वंदन करावें ही शिकवण घरोघरीं चालूं ठेवावी. पण वंदन स्वीकारतांना थोरांनींही कोणाचें मूल आहे, कोणत्या वस्तींतलें आहे, हें न पाहतां आशीर्वाद द्यावा. तिसरी, ज्याच्यावर भार दिसेल त्यास तो भार दिसल्याचें एका शब्दानें सांगावें. आणि शक्य असेल तर भारास हातही लावावा. ह्या तिन्ही गोष्टींस पैसा लागत नाहीं, समिति लागत नाहीं, कीं परवानगीही लागत नाहीं.

देवळाच्या भिंती आमच्या पूर्वजांनीं बांधल्या. पण प्रभूच्या घराचें दार खरोखर कोठें आहे? तें आपणां प्रत्येकाच्या मुखांत आहे. तें उघडलें तर परका मनुष्य आंत येतो. तें मिटलेलें राहिलें तर संगमरवरी देऊळही बंदच. ज्या प्रभूनें आम्हां सर्वांस, कोणताही पुरावा न मागतां, "जवळ या" असें म्हटलें, त्याचेंच शब्द आपल्या मुखीं येवोत. वेदगंगेच्या कांठीं, वळिवड्याच्या माळावर, आणि दूर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, एकाच प्रभूची स्तुति होत राहो. आणि पुढील जयंतीस जे येथें जमतील, त्यांत आज फाटकापाशीं उभा असलेला अनोळखी मनुष्य घरचा म्हणून बसलेला असो, अशी त्या दयाळु पित्याच्या चरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.

येशू ख्रिस्ताची स्तुति असो.